शेतात घर बांधलंय आणि पोल लांब आहे? महावितरणचं घरगुती कनेक्शन असं मागा

गावठाणात नवीन मीटर घेणं फार अवघड नसतं, पोल दारातच असतो, सर्विस वायर ओढली की काम झालं. खरी पंचाईत मळ्यात नाहीतर वस्तीवर राहणाऱ्यांची, जिथे जवळचा एलटी पोल (घरांना वीज देणाऱ्या कमी दाबाच्या लाईनचा खांब) दोनशे-तीनशे मीटरवर असतो आणि सेक्शन ऑफिसला गेलं की तोंडी उत्तर मिळतं, "तिकडे लाईन नाही, पोलचा खर्च तुम्हालाच करावा लागेल". एवढं ऐकून बरेच जण अर्जच करत नाहीत. तसं करू नका. तोंडी नकाराला काही किंमत नसते, आधी अर्ज टाका, अर्जाचा नंबर हातात घ्या, मग पुढचं बोलणं.

वीज कायदा 2003 च्या कलम 43 मध्ये मालक किंवा तिथे राहणारा, दोघांनाही वीज मागायचा हक्क आहे आणि कंपनीवर ती द्यायचं बंधन आहे. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत 2024 ला बदल झाला, त्यानुसार ग्रामीण भागात पूर्ण अर्ज मिळाल्यापासून 15 दिवस आणि डोंगराळ ग्रामीण भागात 30 दिवस अशी मुदत आहे. लाईन वाढवायची किंवा डीपी (ट्रान्सफॉर्मर) टाकायची असेल तर कंपनीला जास्त वेळ मिळतो, पण तोही राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेला, साहेबांच्या मर्जीचा नाही. विनाकारण मुदत उलटली तर कलम 43 मध्येच कंपनीला दिवसाला 1000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

अर्ज ए-वन फॉर्मवर असतो, महावितरणच्या वेबसाईटवर किंवा मोबाईल ॲपवरून भरता येतो, नाहीतर सब-डिव्हिजनला जाऊन द्या आणि पोच घ्या. कागदपत्रं जास्त नाहीत : आधार किंवा दुसरं ओळखपत्र, फोटो, आणि जागेचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा नाहीतर घरपट्टीची पावती, सोबत सातबारा. सातबाऱ्यावर भाऊ, चुलते, आत्या अशी पाच-सहा नावं असतील तर त्यांची संमती आधीच लिहून घ्या, अर्ज इथेच सगळ्यात जास्त अडकतात. घराची नोंद ग्रामपंचायतीत नसेल तर ग्रामसेवकाकडे ती आधी करून घ्या. वायरिंग झाल्यावर लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतो, आणि अर्थिंग खरंच खड्डा घेऊन करा, रिपोर्टवर सही झाली म्हणजे अर्थिंग झालं असं नसतं.

अर्जात प्रकार "घरगुती" लिहा. विहिरीवरच्या मोटारीच्या मीटरवरून घरात वायर ओढायचा सल्ला सगळेच देतात, पण शेतीच्या दराची वीज घरात वापरली तर कलम 126 लागतं आणि बिल दुप्पट दराने येतं. शिवाय शेतीच्या फिडरला, म्हणजे सबस्टेशनवरून शेतीसाठी निघणाऱ्या लाईनला, ठराविक तासच थ्री फेज लाईट असते. म्हणून इंजिनिअर साईट बघायला येईल तेव्हा विचारा, की जवळचा पोल गावठाण फिडरचा आहे की शेतीचा. जवळचा शेतीचा आणि लांबचा गावठाणचा असेल तर लांबचाच मागा, नाहीतर मीटर बसून पण मुलं अंधारात अभ्यास करतील.

आता खर्चाचं. आयोगाने 8 सप्टेंबर 2006 च्या आदेशात (केस 70 ऑफ 2005) महावितरणचा सर्विस लाईन चार्ज वसूल करायचा प्रस्ताव फेटाळला, अपवाद फक्त स्वतःपुरती वेगळी लाईन हवी असलेल्यांचा, त्यालाच डीडीएफ म्हणतात. म्हणजे साध्या घराला लागणारे पोल-तार हे कंपनीचं काम आणि तुम्ही भरायचे ते कोटेशनमधले, म्हणजे कंपनी देते त्या खर्चाच्या कागदातले, ठरलेले चार्जेस. अडचण एवढीच की कंपनीच्या खर्चाने काम म्हणजे निधी येईपर्यंत थांबणं, म्हणून घाईवाल्यांना दोन रस्ते दाखवतात. डीडीएफ घेतलं तर काम तुमच्या खर्चाने लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून करायचं, कंपनीला एस्टिमेटच्या 1.3 टक्के सुपरव्हिजन चार्ज द्यायचा, आणि पैसे परत मिळत नाहीत. दुसरा नॉन-डीडीएफ सीसीआरएफ, यात खर्च तुम्ही करता पण तो पुढे बिलातून वळता होतो. सही करायच्या आधी कागदावर यातलं नेमकं काय लिहिलंय ते स्वतः वाचा, दोन्हीत हजारो रुपयांचा फरक आहे. आणि पोलसाठी कोणाच्याही हातात रोख पैसे देऊ नका, कोटेशन नंबरवरच भरा.

लाईन शेजाऱ्याच्या रानातून जाणार असेल तर बांधाच्या कडेने आखून घ्या आणि त्याची लेखी संमती अर्जालाच जोडा, पोल उभे करायच्या दिवशी भांडण नको.

कोणी म्हणेल एवढं कशाला, पोलजवळ मीटर लावून घेऊ आणि पुढे आपली वायर ओढू. 300 मीटरवर 4 स्क्वेअर एमएमची ॲल्युमिनियम वायर टाकली तर जाऊन-येऊन 600 मीटर होते, 10 अँपिअर लोडला तब्बल 44 व्होल्ट वाटेतच जातात, घरात 230 चे 186 उरतात, फ्रिजचा कॉम्प्रेसर जळायला तेवढं पुरे. त्याच अंतराला 16 स्क्वेअर एमएमची एबी केबल (पोलवरून ओढायची, कव्हर असलेल्या तारा एकत्र पिळलेली केबल) असली तर साडेअकरा व्होल्टच पडतात. त्यातून मीटरच्या पुढची वायर तुमची जबाबदारी, पावसाळ्यात ती तुटून बांधावर पडली तर जीव जाईल.

मुदत उलटली तर 1912 वर तक्रार करून नंबर घ्या, मग महावितरणच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी अर्ज द्या, तिथेही नाही झालं तर ग्राहक तक्रार निवारण मंच, तिथे वकील लागत नाही. मंचाचा निकाल पटला नाही तर 60 दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं, मुंबई आणि नागपूरला त्यांची ऑफिसं आहेत. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न अर्जाच्या तारखेचाच विचारतात, म्हणून ती पोच पावती लॅमिनेट करून ठेवा आणि तिचा फोटो पण काढून ठेवा.