पेरूराट्ची : गाव म्हणावे की शहर?

तमिळनाडूत कुंभकोणमच्या आसपास फिरताना छोट्या गावांच्या वेशीवर पाटी दिसते. गावाच्या नावासोबत लिहिलेले असते ‘तेर्वुनिलै पेरूराट्ची’, म्हणजे निवड श्रेणीची पेरूराट्ची. इंग्रजी पाटीवर ‘टाउन पंचायत’ वाचले की मराठी माणूस ती आपली नगरपंचायत समजून पुढे जातो. गफलत तिथेच होते. आपली नगरपंचायत ७४व्या घटनादुरुस्तीनंतरची, आणि तालुक्याच्या गावांच्या वाट्याला ती बहुतांशी २०१४ नंतर आली. पेरूराट्ची तिच्याहून बरीच थोरली, आणि तिचे माहेर शहराकडचे नव्हे, खेड्याकडचे.

शब्दच पाहा. ऊर म्हणजे गाव, पेरूर म्हणजे मोठे गाव, आट्ची म्हणजे कारभार. ग्रामपंचायत ती ऊराट्ची, नगरपालिका ती नगराट्ची, महानगरपालिका ती मानगराट्ची. या उतरंडीत पेरूराट्चीच्या नावात ‘नगर’ कुठेच नाही. कायद्याने मात्र तिला आज शहरांच्या पंगतीला बसवले आहे.

तमिळ गावकारभाराचा विषय निघाला की कांचीपुरमकडच्या उत्तरमेरूर गावचा शिलालेख येतोच, त्यामुळे तो थोडक्यात. पहिल्या परांतक चोळाच्या काळातले, इ.स. ९१९ आणि ९२१ च्या सुमाराचे हे लेख. कारभारी समित्यांवर माणसे कशी निवडायची ते त्यांत आहे : गावाचे ३० विभाग, ताडपत्रावर नावे लिहून मडक्यात टाकायची आणि लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढायची. ही ‘कुडवोलै’ पद्धत. उमेदवाराचे वय ३५ ते ७०, स्वतःची करपात्र जमीन, स्वतःच्या जागेत घर आणि वेदांचे ज्ञान हवे. पूर्वी समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही तो बाद, आणि त्याचे नातलगही बाद. हे शेवटचे कलम आज लावले तर किती वॉर्डांत उमेदवार उरतील, असा विनोद होतो. पण ती ब्राह्मणांना दान दिलेल्या गावाची सभा होती. बाकीच्या रहिवाशांना त्या मडक्यात जागा नव्हती, हे भाषणांत सोयीस्करपणे गाळले जाते.

मधल्या शतकांबद्दल फारसे लांबत नाही. तंजावरच्या मराठी राज्यात (१६७६ ते १८५५) मुलूख सुभ्यांत वाटलेला होता आणि सुभेदाराचे मुख्य काम वसुलीचे. हे राज्य खालसा झाल्यावर अकराच वर्षांत, १८६६ मध्ये, तंजावर आणि कुंभकोणम दोन्हीकडे नगरपालिका आल्या. मद्रास शहराची सनद त्याही आधीची, १६८७ ची. १८८४ च्या कायद्याने जिल्हा बोर्ड, तालुका बोर्ड आणि युनियन असे तीन थर झाले. मोठ्या खेड्यांच्या या युनियनमध्ये पेरूराट्चीची पणजी सापडते. जुनी माणसे पंचायतीच्या कचेरीला अजून ‘पंचायत बोर्ड’ म्हणतात, त्या बोलीत तो काळ शिल्लक आहे.

खरी गोष्ट १९५० नंतरची. त्या वर्षीच्या कायद्याने पंचायतींचे दोन वर्ग केले. लोकसंख्या ५,००० आणि वार्षिक उत्पन्न १०,००० रुपये असेल तर पहिला वर्ग. १९५८ च्या पंचायत कायद्याने याच निकषांवर ‘टाउन पंचायत’ हे नाव दिले. निकषात उत्पन्न होते, ही बारीक गोष्ट महत्त्वाची. गाव मोठे म्हणजे नुसती घरे जास्त नव्हे, बाजाराचा लिलाव, घरपट्टी, दुकानांचे भाडे यांतून चार पैसे येणारे. पुढे १९८१ मध्ये या गावांसाठी स्वतंत्र संचालनालय आले. आजही श्रेणी उत्पन्नावरच ठरते : ४ लाखांच्या वर दुसरी श्रेणी, ८ लाखांच्या वर पहिली, १६ लाखांच्या वर निवड, २० लाखांच्या वर विशेष. वेशीवरची पाटी म्हणजे एका अर्थाने गावाच्या तिजोरीची जाहिरातच. रोजचा कारभार ‘सेयल अलुवलर’ पाहतो, आपल्याकडच्या मुख्याधिकाऱ्याचा भाऊबंद.

१९९२ च्या दोन घटनादुरुस्त्यांनी खेडे आणि शहर यांच्यात रेघ ओढली. पेरूराट्ची त्या रेघेवरच उभी होती. राज्याने १९९४ मध्ये नवा पंचायत कायदा केला आणि या गावांना त्यातून काढून १९२० च्या जिल्हा नगरपालिका कायद्याखाली नेले. खेडे ते शहर अशा संक्रमणातल्या वस्तीसाठी घटनेने सांगितलेली नगर पंचायत ती हीच, असे मानले गेले.

मग आले २००४. जून महिन्यात सरकारने ३० हजारांच्या वर लोकसंख्येच्या सुमारे ५० पेरूराट्चींना तृतीय श्रेणी नगरपालिका केले आणि उरलेल्या ५६१ ना ‘विशेष ग्रामपंचायत’. रात्रीत शेकडो शहरे कागदावर खेडी झाली. कारण उघड सांगितले गेले : केंद्राच्या ग्रामीण योजनांचा पैसा. रोजगाराच्या, रस्त्यांच्या, घरांच्या मोठ्या योजना खेड्यांसाठी होत्या, आणि शहराचा शिक्का असल्याने ही गावे त्यांतून बाहेर पडत होती. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. यांतल्या कितीतरी गावांत भातशेती दाराशी येते. शेतमजुराला नगरपालिका कायद्याचा उपयोग काय?

तरीही निर्णय घाईचाच वाटतो. नगर पंचायतीची तरतूद घटनेने ज्या वस्त्यांसाठी केली, त्याच वस्त्यांमधून ती काढून घेतली गेली. बांधकाम परवाने, गटारे, कचरा हे प्रश्न शहरी होते आणि ते शहरीच राहिले. आणि उत्तरमेरूर? कारभाराच्या इतिहासात भारतभर मिरवणारे, २०११ मध्ये २५ हजारांच्या आसपास वस्तीचे हे गाव स्वतः एक पेरूराट्चीच आहे.

२००६ मध्ये सत्ता बदलली आणि जुलैत ही सगळी गावे पुन्हा पेरूराट्ची झाली. गंमत म्हणजे त्याच वर्षी फेब्रुवारीत ग्रामीण रोजगार हमी सुरू झाली होती. पुढे हाच मुद्दा उलट दिशेने फिरला. ज्या ऊराट्चीला शहरात घ्यायचे ठरते, तिथे ‘नूरु नाळ वेलै’, म्हणजे शंभर दिवसांचे काम, जाणार आणि घरपट्टी वाढणार म्हणून लोक रस्त्यावर उतरतात. २०२५ च्या जानेवारीत अनेक जिल्ह्यांत असेच झाले. बढती नको म्हणणारी गावे बाहेरच्यांना विचित्र वाटतात, पण त्यांचा हिशेब पक्का आहे.

निवडणुकांची कथा याहून वेगळी नाही. महापौर जनतेतून निवडायचा की नगरसेवकांतून, हे १९९६ पासून पुन्हा पुन्हा पालटत आले : १९९६ मध्ये थेट, २००६ मध्ये अप्रत्यक्ष, २०११ मध्ये पुन्हा थेट, २०१९ च्या अध्यादेशाने परत अप्रत्यक्ष. २०१६ च्या ऑक्टोबरात नागरी संस्थांची मुदत संपली, आरक्षणाच्या प्रश्नावर निवडणूक न्यायालयात अडकली आणि पाच वर्षांहून अधिक काळ विशेष अधिकारी कारभार पाहत राहिले. अखेर १९ फेब्रुवारी २०२२ ला मतदान झाले तेव्हा २१ मानगराट्ची, १३८ नगराट्ची आणि ४९० च्या घरात पेरूराट्ची होत्या. २००४ च्या ५६१ वरून हा आकडा इतका खाली आला, कारण काही शेजारच्या मोठ्या शहरांत विरल्या, काही स्वतः नगरपालिका झाल्या. १८६६ ची तंजावर नगरपालिका २०१४ मध्ये महानगरपालिका झाली होती. कुंभकोणमची पाळी २०२१ मध्ये आली.

१९९८ चा नागरी संस्थांचा कायदा, जो २००० मध्ये गुंडाळून ठेवला होता, तो दुरुस्त्या करून एप्रिल २०२३ मध्ये लागू झाला. पेरूराट्ची आता त्याखाली आहेत. वेशीवरच्या पाटीवरचे नाव तेच राहिले.