इंजिनापाशी अडलेला वाद

लढाऊ विमानं देशात बनवावीत की बाहेरून घ्यावीत, यावर छत्रपती संभाजीनगरातल्या वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पहिला प्रश्न निघतो तो असा, की यातलं काम आपल्या शेडपर्यंत येणार का? त्याचं उत्तर दिल्लीतल्या जुन्या फायलींत आहे.

१९४८च्या पोलीस कारवाईत हैदराबाद संस्थानाविरुद्ध वापरलेली टेम्पेस्ट विमानं ब्रिटिश बनावटीची होती. तेव्हा दुसरा पर्यायच नव्हता. तो दिसला १७ जून १९६१ला, 'मरुत' या देशी लढाऊ विमानाच्या पहिल्या उड्डाणात.

मरुतचा आराखडा एका जर्मन तज्ज्ञाच्या हाताखाली बंगळुरात झाला. ज्या ताकदवान ऑर्फियस इंजिनावर सगळा हिशेब बांधला होता, त्याच्या विकासातून ब्रिटिशांनी हात काढून घेतला. खर्च भारताने उचलावा, असं सुचवलं गेलं. दिल्लीने नकार दिला. मग कमी जोराचं जुनंच इंजिन बसवलं आणि ध्वनीपेक्षा बराच जास्त वेग गाठायला निघालेलं विमान त्या वेगाच्या अलीकडेच अडकलं. तरीही १४७ मरुत बनली, १९७१मध्ये राजस्थानच्या सीमेवर लढलीही. 'मरुत फसलं' असं आजही सर्रास लिहितात, तेव्हा हा नकार कुणाला आठवत नाही.

मधल्या काळात मिग-२१ आणि पुढे सुखोई-३० नाशिकजवळ ओझरला परवान्यावर बनली. आराखडा अर्थात रशियाचा.

पुढचं देशी लढाऊ विमान तेजस. त्याला १९८३मध्ये मंजुरी मिळाली, पहिलं उड्डाण २००१ला, हवाई दलात पहिली स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) २०१६ला. त्याच्यासाठीचं देशी कावेरी इंजिन पुरेसा जोर देईना, म्हणून २००८मध्ये ते बाजूला काढलं. तेजस अमेरिकी एफ-४०४ इंजिनावरच उडत राहिलं. १२६ परदेशी विमानांची निविदाही रेंगाळली आणि २०१६मध्ये थेट ३६ राफेलचा करार झाला. २०२१मध्ये ८३ तेजस मार्क-१ए या सुधारित विमानांची ऑर्डर निघाली, पण इंजिनं येऊ लागली ती मार्च २०२५पासून.

सप्टेंबर २०२५मध्ये मिग-२१ निवृत्त झालं आणि मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी हाती २९ उरल्या. त्याच महिन्यात ६२,३७० कोटींच्या आणखी ९७ तेजसचा करार झाला. ऑक्टोबरात ओझरलाही तेजसच्या जोडणी विभागाचं उद्घाटन झालं.

ओझर इथून काही लांब नाही. पण दुचाकीचे भाग लाखांनी निघतात, विमानाचे शेकड्यांनी. एवढ्या नगांसाठी एएस-९१०० हे विमान उद्योगातलं गुणवत्तेचं प्रमाणपत्र काढायचं, तपासणीची महागडी यंत्रं घ्यायची आणि बिल निघेपर्यंत कर्जाचे हप्ते भरत बसायचं, ही तयारी छोट्या शेडवाल्याने कशाच्या भरवशावर करायची?