मसाई मारा : सफारी लॉज आणि कॅम्पची निवड

केनियाच्या नैर्ऋत्य सीमेवर, टांझानियाच्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या मसाई मारा राखीव क्षेत्रात आणि त्याच्या भोवतालच्या जमिनींवर पर्यटकांसाठी उभारलेली लॉज व तंबूंची निवासस्थाने. सुमारे १,५१० चौ. किमी.च्या या क्षेत्राचा कारभार नारोक काउंटीकडे आहे. मारा नदीच्या पश्चिमेचा 'मारा ट्रँगल' हा भाग २००१पासून मारा कॉन्झर्व्हन्सी ही संस्था सांभाळते. राखीव क्षेत्राच्या आत या दोन बाजूंना जोडणारा पूल दक्षिणेला पुरुंगाट इथे आहे, त्यामुळे नकाशावर जवळ दिसणारी दोन लॉज प्रत्यक्षात एकमेकांपासून बरीच लांब पडतात.

निवड करताना बहुतेकांची नजर तंबूचे फोटो आणि पोहण्याच्या तलावावर जाते. सफारी कशी होईल हे मात्र मुक्काम फाटकाच्या कोणत्या बाजूला आहे आणि गाडी कोणाची आहे, यावर ठरते. पैशांचा हिशोबही तिथूनच सुरू करावा. २०२४पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला राखीव क्षेत्राचे शुल्क जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर पडते. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ असे बारा तासांचे असते. आत मुक्काम केलेल्या पाहुण्याने शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या आत फाटक ओलांडले, तर त्या दिवसाचे शुल्क लागत नाही. नाश्ता रेंगाळला, वाटेत सिंह दिसला म्हणून गाडी थांबली आणि दहा वाजून गेले, की ऑगस्टमध्ये जोडप्याचे ४०० डॉलर जातात. निघण्याची वेळ आदल्या रात्रीच चालकाशी पक्की करावी.

निवासाचे प्रकार : सर्वांत स्वस्त कॅम्प फाटकांबाहेर, सेकेनानी, तालेक आणि ओलोलाइमुतिया या वस्त्यांजवळ आहेत. तिन्ही जेवणांसह माणशी रात्रीला ढोबळमानाने ६० ते १५० डॉलर पडतात. तंबूला जोडून संडास-बाथरूम असते, पण यांतल्या अनेक कॅम्पांत वीज जनरेटरवर ठरावीक तासच मिळते आणि गरम पाण्याचीही वेळ ठरलेली असते. खरी अडचण अंतराची आहे. सेकेनानीहून मारा नदीच्या काठाला पोचायला, वाटेत प्राणी पाहत न थांबताही, दीड-दोन तास जातात. नदी पाहायची तर डबा बरोबर घेऊन अख्खा दिवस काढावा लागतो.

राखीव क्षेत्राच्या आत १९६०च्या दशकातले कीकोरोक लॉज आणि ट्रँगलमधल्या टेकडीवरचे मारा सेरेना अशी पक्क्या खोल्यांची लॉज आहेत. बुफे जेवण, पोहण्याचा तलाव, दिवसभर माणसांची ये-जा. वयस्कर आईवडील किंवा लहान मुले बरोबर असतील तर हीच सोयीची. मारा नदीकाठचा गव्हर्नर्स कॅम्प १९७२पासूनचा आहे; त्याच्या तंबूंना कुंपण नाही. आतल्या मुक्कामाचे दर माणशी २५० डॉलरपासून पुढे, आणि हंगामात बरेच वर जातात.

तिसरा प्रकार कॉन्झर्व्हन्सींचा, म्हणजे राखीव क्षेत्राबाहेरच्या खासगी संरक्षित जमिनींचा. उत्तरेला आणि पूर्वेला मसाई कुटुंबांच्या मालकीच्या जमिनी एकत्र करून मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी, नाबोइशो अशी क्षेत्रे तयार झाली. कॅम्प जमीनमालकांना ठरलेले भाडे देतात आणि गुरांची चराई पाळीपाळीने होते. खाटांच्या संख्येवर कडक मर्यादा असते. काही ठिकाणी ७०० एकरांमागे एकच तंबू, आणि एका प्राण्याभोवती पाचच गाड्या. रस्ता सोडून गाडी नेणे, रात्रीची सफारी, मार्गदर्शकाबरोबर पायी फिरणे या गोष्टी राखीव क्षेत्रात चालत नाहीत, इथे चालतात. माणशी ५०० ते १,५०० डॉलर लागतात. बहुधा त्यात जेवण, गाडी आणि कॉन्झर्व्हन्सीचे शुल्क धरलेले असते, पण ते लेखी विचारून घ्यावे. नदीवर जायचे ठरले तर राखीव क्षेत्राचे शुल्क वेगळे. ज्याला गर्दी सोसत नाही, त्याने इतर खर्च कमी करून दोन रात्री तरी इथे काढाव्यात. चित्त्यामागे वीस गाड्या आणि चित्त्यासमोर एकटी आपली गाडी, हा अनुभवातला फरक पैशांत मोजण्याजोगा नाही.

आता तुलना कशी करावी ते पाहू. ऑगस्टमध्ये तीन रात्री राहायचे आहे. फाटकाबाहेरचा १२० डॉलरचा कॅम्प घेतला आणि मधले दोन पूर्ण दिवस आत गेले, तर माणशी ३६० अधिक ४००, म्हणजे ७६० डॉलर. पोचण्याच्या दिवशी दुपारी तासा-दोन तासांसाठी तिकीट काढणे परवडत नाही. आतले ३५० डॉलरचे लॉज घेतले तर १,०५० अधिक तीन दिवसांचे ६००, म्हणजे १,६५०. दुप्पट पैशांत पहिली संध्याकाळ, शेवटची सकाळ आणि रोज पहाटे फाटकावरच्या रांगेतला वाचलेला वेळ हाती येतो. दोन्ही आकड्यांत गाडी धरलेली नाही.

गाडी : 'फुल बोर्ड' म्हणजे राहणे आणि जेवण एवढेच. सफारीसकट दर हवा असेल तर 'गेम पॅकेज' विचारावे. नैरोबीहून चालकासह भाड्याने आणलेली, छत वर उचलणारी लँड क्रूझर चार-सहा जणांत वाटली की स्वस्त पडते आणि मुक्कामी हाताशीच राहते. नारोकमार्गे सेकेनानीपर्यंत पाच-सहा तास लागतात. कॅम्पची गाडी दोन्ही बाजूंनी उघडी असते आणि तिच्या मार्गदर्शकाला तिथला कळप न् कळप ठाऊक असतो, पण ती अनोळखी पाहुण्यांबरोबर वाटून घ्यावी लागते. छायाचित्रकाराला एका बिबट्यापाशी तीन तास थांबायचे असते, शेजारच्या कुटुंबाला हत्ती पाहायचे असतात. मोठी लेन्स असेल तर स्वतंत्र गाडीचे पैसे आधीच बाजूला ठेवावेत.

हंगाम : विल्डबीस्टचे, म्हणजे सेरेंगेटीकडून येणाऱ्या मोठ्या गवतखाऊ प्राण्यांचे कळप साधारण जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत मारात असतात. महाराष्ट्रातल्या शाळांची मोठी सुटी नेमकी एप्रिल-मेमध्ये, म्हणजे तिथल्या लांब पावसात, मुख्य पावसाळ्यात येते. काळ्या चिकण मातीत गाड्या रुततात आणि काही कॅम्प बंदच असतात. जे चालू असतात त्यांचे दर मात्र बरेच उतरतात, गवत हिरवेगार असते आणि शुल्क १०० डॉलरच. दिवाळीच्या सुटीत कळप परतीला लागलेले असतात, छोटा पाऊस सुरू होत असतो आणि शुल्क मात्र अजून २०० असते. ज्यांना सुटीचे बंधन नाही त्यांनी जानेवारी-फेब्रुवारी पाहावा. सिंह, चित्ते, हत्ती बारमाही आहेत.

तंबूत : हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटरांपेक्षा उंच आहे, पहाटे चांगलीच थंडी वाजते. बऱ्याच कॅम्पांत रात्री पांघरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवतात. अंधार पडल्यावर एकट्याने चालायचे नाही, अस्करी म्हणजे रखवालदार टॉर्च घेऊन न्यायला येतो. नदीकाठच्या कॅम्पांत पाणघोडे रात्री तंबूंमधूनच चरायला जातात. दिवसा त्रास माकडांचा. चेन अर्धवट लावली आणि आत बिस्किटे ठेवली, की संध्याकाळी पिठासारखा चुरा सापडतो. सौरऊर्जेवरच्या कॅम्पात केस वाळवायचे यंत्र चालत नाही, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या जेवणाच्या तंबूत चार्ज कराव्या लागतात. काही लहान कॅम्प पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत.

भारतीय वंशाची मोठी वस्ती असल्यामुळे केनियात शाकाहारी जेवणाचे नवल नाही. जैन जेवण मात्र दोन-तीन आठवडे आधी कळवावे, कारण दूरच्या कॅम्पांचा बराचसा भाजीपाला नैरोबीहून येतो. चिवडा-लाडू नेताना प्लास्टिकच्या पिशव्या टाळाव्यात. केनियात त्यांवर २०१७पासून बंदी आहे आणि संरक्षित क्षेत्रांत २०२०पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणाऱ्यांना हातातल्या सामानासह १५ किलोची मर्यादा असते, तीही मऊ बॅगेत. चाकांची कडक पेटी नैरोबीतल्या हॉटेलात ठेवून जावी लागते.