मोर्चा कुणावर, फेरी कुणासाठी?

कोल्हापूरच्या दसरा चौकातून शंभर-दीडशे माणसं निघतात. पुढे बॅनर, बॅनरमागे पाहुणे, पाहुण्यांमागे कॉलेजच्या मुली, सगळ्यांत मागे पोलिसांची गाडी. बिंदू चौकात भाषणं होतात, फोटो होतो, चहा होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, ‘महिला अत्याचाराविरोधात भव्य मोर्चा’. कुणावर मोर्चा? बातमी तळापर्यंत वाचली तरी सापडत नाही, कारण निघाली होती ती जनजागृती फेरी. उलटा घोळही तितकाच नेहमीचा. पोलीस ठाण्यात तक्रार घेतली नाही म्हणून चिडलेले लोक रस्त्यावर येतात आणि कुणीतरी समंजस पुढारी त्याची ‘जनजागृती रॅली’ करून टाकतो. जागृती कुणाची करायची होती, ठाणे अंमलदाराची?

मोर्चा म्हणजे काय हे कोल्हापूरकराला शिकवायला नको. शहराच्या रस्त्यांवर टोल लागला तेव्हा अख्खं शहर रस्त्यावर होतं आणि मागणी दोन शब्दांची होती: टोल रद्द. २०१५ च्या अखेरीस तो रद्द झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापुरातल्या सर्किट बेंचसाठी वकिलांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, उपोषणं केली, कामकाज बंद ठेवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये बेंच सुरू झालं. दोन्ही वेळी कुणाकडून काय हवंय हे रिक्षावाल्यालाही पाठ होतं. बाईवरच्या अत्याचाराचा विषय आला की हेच शहाणपण आपण घरी ठेवून येतो.

किरकोळ फरक आधी उरकून टाकू. मोर्चात घोषणा, फेरीत फलक. मोर्चा तापलेला, फेरी शांत. मोर्चाला झेंडे, फेरीला टोप्या. यातलं एकही पक्कं नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये कोल्हापुरात मराठा क्रांती मूक मोर्चा निघाला तेव्हा लाखो माणसं होती आणि घोषणा नव्हती. तरी तो अस्सल मोर्चा होता. मागण्या ठरलेल्या होत्या, कोपर्डीतल्या बलात्कार-खुनाच्या गुन्हेगारांना शिक्षा ही त्यांत आघाडीची, आणि निवेदन मुलींनीच द्यायचं ही राज्यभरातल्या त्या मोर्चांची रीत होती. आवाजावरून ओळखायला जाल तर फसाल. कँडल मार्च हा तिसराच प्रकार. तो शोक असतो, त्याला मागणी लागत नाही. तिथे निवेदनाचं वाचन सुरू करणाऱ्याच्या हातून माइक काढून घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जिथे खरोखर गाडी अडते ते. मोर्चा ज्याच्या दारात जातो, मागितलेली गोष्ट त्याच्या अधिकारातली असावी लागते. आपल्याकडे काय होतं? घटना घडते, लोक पेटतात (पेटावंच), आणि कलेक्टर ऑफिसवर मोर्चा जातो: ‘आरोपीला फाशी द्या’. निवासी उपजिल्हाधिकारी निवेदन घेतात, ‘आपल्या भावना शासनापर्यंत पोचवू’ म्हणतात, आणि पोचवतातही. पण फाशी द्यायचा अधिकार ना त्यांच्याकडे, ना कलेक्टरांकडे, ना मंत्रालयात. तो न्यायालयाचा. ही मागणी घेऊन कलेक्टरकडे जाणं म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून लाइट ऑफिसात भांडणं. साहेब सहानुभूतीने ऐकतील, खुर्ची देतील, आणि त्यांच्यावर कसलीच जबाबदारी पडणार नाही. अशी मागणी अधिकाऱ्याला मनापासून आवडते, कारण ती पूर्ण झाली नाही असं त्याला कुणी विचारूच शकत नाही.

मग मागायचं काय? तक्रार नोंदवून घेतली नसेल तर दार पोलीस अधीक्षकांचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ठाण्याने नकार दिला की लेखी तक्रार अधीक्षकांकडे पाठवता येते. शिवाय बलात्कारासारख्या गुन्ह्याची खबर नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे. तेव्हा निवेदनात ‘पोलिसांनी संवेदनशील व्हावे’ असलं पाणचट वाक्य कशाला? अमुक तारखेला, अमुक ठाण्यात, अमुक वाजता तक्रार घेतली नाही, कलम १९९ लावा, असं लिहा. त्याला हो किंवा नाही एवढीच उत्तरं आहेत. तपास रेंगाळला असेल तर बलात्काराच्या गुन्ह्याचा तपास खबर नोंदवल्यापासून दोन महिन्यांत पुरा करायचा, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे. ‘तपास जलद करा’ हे गाऱ्हाणं झालं, ‘दोन महिने अमुक तारखेला संपले, आरोपपत्र कुठाय’ ही मागणी झाली.

कलेक्टर ऑफिसवर जायला कारणं नाहीत असं नाही, उलट भरपूर आहेत, फक्त ती कुणी वापरत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा घ्या. दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची. दहापेक्षा कमी असतील तर? हुपरीत घराघरांत चांदीचं काम करणाऱ्या बायका, छोट्या दुकानातल्या मुली, आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी, यांची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ती नेमणं जिल्हा अधिकाऱ्याचं काम, आणि कायदा ते पद जिल्हाधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी दर्जाच्या माणसाकडेच देतो. समितीत कोण आहे, बैठक कधी झाली, किती तक्रारी आल्या, हे विचारायला एक मोर्चा काढून बघा. खुर्ची देणारे साहेब फाईल मागवतील. रस्त्यावरच्या अंधाराचा विषय असेल तर महापालिका, बंद पडलेल्या दिव्यांची खांबवार यादी घेऊन. सगळे विषय एकाच निवेदनात कोंबून पंधरा मागण्या केल्या की पंधरावी मागणी हटकून ‘समाजाची मानसिकता बदलावी’ ही असते. ती कुणाच्या टेबलावर ठेवणार?

नेमकी मागणी काय करते याचा दाखला जुना आहे. १९७२ साली विदर्भात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, ते मथुरा प्रकरण. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं. १९८० च्या ८ मार्चला देशातल्या अनेक शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या ते ‘अत्याचार थांबवा’ म्हणायला नव्हे. खटला पुन्हा उघडा आणि कायदा बदला, असं त्या म्हणत होत्या. खटला उघडला नाही. कायदा मात्र १९८३ मध्ये बदलला: कोठडीतल्या बलात्काराचा वेगळा गुन्हा झाला, आणि अशा खटल्यात बाईने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने ती नव्हती असं धरून चालायचं, हे आलं.

त्याच दुरुस्तीत पीडितेची ओळख उघड करण्यावर बंदी आली. आज ती न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. हे मुद्दाम सांगतोय, कारण मोर्चा असो की फेरी, आमच्याकडे पहिला फ्लेक्स छापला जातो तो त्या मुलीच्या फोटोचा, खाली तिचं नाव, आणि त्याखाली मंडळाच्या अध्यक्षांचा तिच्याहून मोठा फोटो. घरच्यांनी फोटो दिला म्हणून छापायची मोकळीक मिळत नाही. मुलगी हयात नसली तरी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर डीपी ठेवणाऱ्यांनीही हे वाचून घ्यावं.

आता फेरी. मोर्चा काढणारे तिला मवाळ म्हणून हिणवतात, ते मला मान्य नाही. कुठल्याच अधिकाऱ्याच्या सहीने बदलत नाहीत अशा गोष्टी ढीगभर आहेत. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं हे बंद करायला गावाला कुणाकडे जायचं नव्हतं, गावाने गावालाच सांगायचं होतं. शासनाचं परिपत्रक त्यानंतर आलं, पंधरवड्याच्या आत. फेरीचं काम या जातीचं असतं. पुढ्यात साहेब नसतो, शेजारी असतात.

म्हणून फेरी दसरा चौक ते बिंदू चौक काढण्यात काय हशील आहे ते मला कळत नाही. तो रस्ता मोर्चाचा. फेरी मंगळवार पेठेच्या बोळांतून न्या, राजेंद्रनगरात न्या, कसबा बावड्यात न्या. ताराबाई पार्कातल्या बंगल्यांपुढूनही न्या. हात तिथेही उचलला जातो, फक्त खिडक्या बंद असतात. वेळ संध्याकाळची ठेवा. सकाळी अकराला गणवेशातली पोरं उन्हात चालवून नवरे मंडळींना काय कळणार, ते कामावर असतात. तालमीपुढे थांबा, मंडळाच्या कट्ट्यापुढे थांबा. फेरीने गाठायचा माणूस पुरुष आहे आणि आपल्या फेरीत तो फक्त बॅनर धरायला असतो.

आणि सांगायचं ते कामाचं सांगा. प्रत्येक भाषण अंबाबाई, ताराराणी आणि ‘शाहूंच्या नगरीत’ यांनी सुरू होतं आणि तिथेच संपतं. बरं, शाहू महाराजच काढायचे तर हे काढा की १९१९ साली त्यांनी स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास मनाई करणारा कायदा करवीर संस्थानात केला, आणि देशाचा घरगुती हिंसाचाराचा कायदा यायला २००५ साल उजाडलं. या २००५ च्या कायद्यातलं चौथं कलम गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नसतं: शेजारच्या घरात मारहाण होतेय असं वाटलं तर कुणीही या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. ‘त्यांच्या घरातलं आहे, आपण कशाला पडा’ म्हणणाऱ्या काकूंसाठी हे एक वाक्य दहा भाषणांपेक्षा मोलाचं. सोबत १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर दारादारांत चिकटवा. ‘मुली वाचवा’च्या टोप्या नंतर.

परवानगी दोन्हींना लागते. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचा बंदी आदेश जिल्हा प्रशासन काढतं. तो लागू असताना विनापरवाना पाच माणसं जमली तरी कलम १३५ खाली गुन्हा होतो. आपली फेरी आहे, मोर्चा नव्हे, ही सबब तिथे चालत नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकर दोघांनाही बंद.

मोर्चाला मात्र एक जास्तीचं काम असतं आणि नेमकं तेच राहून जातं. निवेदन देतानाचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतो, पोच कुणाकडे नसते. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. महिनाभर वाट बघा, मग त्या क्रमांकावर काय कारवाई झाली ते माहितीच्या अधिकारात विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिनही असतो, पण तिथे वैयक्तिक तक्रारीच घेतात आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, तेव्हा मोर्चाचं निवेदन तिथे चालत नाही.