पहिल्या बालवाडीचा उंबरठा

दोन-अडीच वर्षांच्या मुलासाठी पहिली बालवाडी शोधताना पालकांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात: कितव्या वर्षी घालावे, किती वेळ ठेवावे, अक्षरओळख केव्हा सुरू होते आणि पहिले काही दिवस आपल्याला आत बसू देतील का. या प्रश्नांची उत्तरे बालवाडीगणिक इतकी वेगळी का मिळतात, याचे कारण या संस्थेच्या दोन-अडीचशे वर्षांच्या इतिहासात सापडते. बालवाडी ही एकाच हेतूने जन्मलेली गोष्ट नाही. वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या माणसांनी आपापली अडचण सोडवण्यासाठी ती उभी केली आणि त्या सगळ्या हेतूंचे थर आजच्या वर्गांत एकमेकांवर साचलेले आहेत. चार प्रश्नांपैकी शेवटचा, म्हणजे मूल उंबरठा कसा ओलांडते हा प्रश्न, या इतिहासात सर्वांत उशिरा विचारला गेला.

सुरुवात झाली ती कामावर जाणाऱ्या आईबापांच्या गरजेतून. फ्रान्समधील व्होज डोंगराळ भागात योहान फ्रीडरिश ओबर्लिन या धर्मोपदेशकाने १७७० च्या सुमारास लहान मुलांना एकत्र सांभाळून त्यांना विणकाम, गाणी आणि परिसराची माहिती देणारे वर्ग सुरू केले. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे रॉबर्ट ओवेन या सूतगिरणीमालकाने १ जानेवारी १८१६ रोजी उघडलेल्या शिक्षणसंस्थेत तर नुकतीच चालू लागलेली मुलेही घेतली जात. ओवेनने शिक्षक निवडले ते विद्वत्ता पाहून नव्हे. जेम्स बुकॅनन हा हातमागावरचा विणकर आणि मॉली यंग ही गिरणीतली तरुणी यांची निवड मुलांविषयीची माया आणि चिकाटी या दोन गुणांवर झाली. मुलांना मारायचे नाही, धाक दाखवायचा नाही आणि पुस्तकांनी पिडायचे नाही, अशी त्यांना सूचना होती. वर्ग पाहायला गेलेल्या पालकाने आजही भिंतीवरच्या चित्रांपेक्षा ताई मुलांशी कोणत्या स्वरात बोलतात याकडे आधी कान द्यावा, असे मला वाटते. ओवेनची कसोटी अजून जुनी झालेली नाही.

ओवेनचा हा मोकळेपणा मात्र फार टिकला नाही. सॅम्युअल वाइल्डरस्पिन याने १८२० च्या दशकात ब्रिटनभर शिशुशाळांचा प्रसार केला. त्याने खेळाच्या मैदानाला महत्त्व दिले, हे त्याचे श्रेय. पण त्याच शाळांत पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीवर मुलांना ओळीने बसवून एका सुरात पाठ म्हणवून घेण्याची पद्धतही रूढ झाली. एका शिक्षकाने पुष्कळ मुले सांभाळायची म्हटल्यावर दुसरे काय होणार?

खेळ हेच या वयाचे काम आहे, हा विचार पद्धतशीरपणे मांडला तो फ्रीडरिश फ्रोबेल याने. जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे १८३७ मध्ये त्याने लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. फ्रोबेल तान्हा असतानाच त्याची आई वारली होती. त्याच्या विचारात आईला मिळालेले मध्यवर्ती स्थान या पोरकेपणाशी जोडले जाते. त्याने मुलांच्या हाती दिलेल्या वस्तूंना तो ‘भेटी’ म्हणे. पहिली भेट लोकरीच्या रंगीत चेंडूंची, दुसरी लाकडी गोल, घन आणि दंडगोल यांची आणि पुढच्या भेटींत घनाचे तुकडे करून पुन्हा जोडायचे. आज बहुतेक वर्गांत दिसणारे लाकडी ठोकळे याच घराण्यातले आहेत. प्रशिया या जर्मन राज्याच्या सरकारने १८५१ मध्ये किंडरगार्टनवर चक्क बंदी घातली. फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याच्या राजकीय लेखनाशी झालेली गल्लत हे त्यामागचे एक कारण होते. बंदी १८६० मध्ये उठली, पण ते पाहायला फ्रोबेल उरला नव्हता. तो १८५२ मध्येच वारला. दरम्यान जर्मनीतून बाहेर पडलेल्या लोकांबरोबर त्याची कल्पना दूरवर गेली. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउन येथे मार्गारेट शुर्ट्झ यांनी १८५६ मध्ये जर्मन भाषेतून किंडरगार्टन चालवले, एलिझाबेथ पीबॉडी यांनी १८६० मध्ये बॉस्टनला इंग्रजीतून वर्ग सुरू केला आणि १८७३ मध्ये सुझन ब्लो यांनी सेंट लुइस येथे किंडरगार्टनला सरकारी शाळेत जागा मिळवून दिली. ही मोठीच प्रगती होती. मात्र बाग शाळेच्या कुंपणात आली की शाळेचे नियम बागेलाही लागू होऊ लागतात, आणि अक्षरओळखीच्या घाईची मुळे या शेजारात आहेत.

त्या घाईविषयीचा वाद आजकालचा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये पाच वर्षांखालील पुष्कळ मुले प्राथमिक शाळांच्या बाकांवर बसत होती. सरकारने स्त्री निरीक्षकांना या वर्गांची पाहणी करायला सांगितले आणि त्यांचे अहवाल १९०५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन ते पाच या वयात औपचारिक पाठ देण्याने मुलांचा बौद्धिक फायदा होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. कॅथरीन बाथर्स्ट या निरीक्षिकेने तर लष्करी शिस्तीच्या या वर्गांवर कडक टीका केली. त्यानंतर लहान मुलांना शाळेबाहेर ठेवण्याची मुभा स्थानिक मंडळांना मिळाली, पण बाहेर काढलेल्या मुलांनी जायचे कुठे, याचे उत्तर कोणाकडे तयार नव्हते. मार्गारेट आणि रेचल मॅकमिलन या बहिणींनी लंडनच्या डेप्टफर्ड भागात १९१४ मध्ये सुरू केलेली खुल्या हवेतील नर्सरी हे त्याचे एक उत्तर. तिथे आंघोळ, पोषण, झोप आणि बागेतला वावर यांना पाठांपेक्षा वरचे स्थान होते.

त्याच सुमारास रोममध्ये मारिया माँटेसरी यांचे काम सुरू झाले, तेही एका घरबांधणी संस्थेच्या अडचणीतून. सान लोरेन्झो या गरीब वस्तीतील इमारती संस्थेने दुरुस्त केल्या, पण आईबाप कामावर गेल्यावर मुले जिने आणि भिंती खराब करत. त्यांना सांभाळण्यासाठी ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले बालगृह उघडले. मुलांच्या उंचीची टेबले-खुर्च्या, हाताने हाताळून आपली चूक आपल्यालाच उमगेल अशी साधने आणि शिकवण्यापेक्षा निरीक्षण करणारी शिक्षिका ही त्यातून घडत गेलेली पद्धत सर्वांना माहीत आहे. फारसे सांगितले जात नाही ते असे, की हे बालगृह पालक राहत त्याच इमारतीत होते आणि मुलांच्या मातांनी शिक्षिकेशी नियमित बोलत राहणे हा तिथल्या नियमांचाच भाग होता. भारतात गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू करून हा विचार आपल्या मातीत आणला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह काम करताना वेगळाच अनुभव घेतला: मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अनुभवातून रुजला.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतील रेज्जो एमिलिया भागात तर गावकऱ्यांनी जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा आणि इतर सामान विकून बालशाळा बांधायला घेतली. तिथे सायकलवरून पोहोचलेले लोरिस मालागुत्सी पुढे त्या पद्धतीचे प्रवर्तक ठरले. तिथल्या पालकांचा वर्गाशी असलेला संबंध हा शाळेच्या जन्मापासूनचा आहे.

बालवाडीचा पुढे फायदा होतो का, याचा सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या यप्सिलँटी येथील पेरी बालवाडी प्रकल्पाचा. १९६२ ते १९६७ या काळात १२३ मुलांपैकी ५८ जणांना कार्यक्रमात घेतले गेले आणि उरलेल्यांशी त्यांची तुलना पुढे अनेक दशके होत राहिली. बुद्ध्यंकातील सुरुवातीची वाढ काही वर्षांत ओसरली, शिक्षण आणि मिळकत यांतील फरक मात्र प्रौढपणीही दिसला. जाहिरातींतून हा दाखला देताना दोन गोष्टी गाळल्या जातात. ही मुले अत्यंत गरीब घरांतली होती आणि सकाळच्या अडीच तासांच्या वर्गाबरोबर शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईबरोबर बसत असे. सुस्थितीतील घरच्या मुलाला कोणत्याही वर्गात घातले की तोच लाभ होईल, असे या अभ्यासातून निघत नाही.

आता उंबरठ्याकडे वळू. दीडशे वर्षे वयोगट, साधने आणि वेळापत्रक यांवर भरपूर लिहिले गेले, पण घरचे माणूस दिसेनासे झाल्यावर मुलाच्या मनात काय होते, याकडे युद्धकाळात प्रथम नीट पाहिले गेले. ॲना फ्रॉइड आणि डॉरथी बर्लिंगहॅम यांनी १९४१ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धग्रस्त मुलांसाठी पाळणाघरे चालवली. बाँबवर्षावापेक्षा आईपासूनची ताटातूट मुलांना अधिक हादरवते, असे त्यांच्या निरीक्षणात आले. उपाय म्हणून त्यांनी मुलांचे छोटे गट करून प्रत्येक गट एकाच सांभाळणारीकडे सोपवला. एका मुलाला एक ओळखीचे माणूस ही कल्पना तिथे प्रत्यक्षात आली. जेम्स रॉबर्टसन हे तिथेच काम करत होते. त्यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रण केले आणि एक गोड गैरसमज मोडला. रडणे थांबले म्हणजे मूल रुळले, असे परिचारिका समजत. रॉबर्टसन यांनी दाखवले की आक्रोशानंतरची शांतता निराशेचीही असू शकते. रुग्णालयातील दिवसचे दिवस आणि बालवाडीतील दोन तास यांची बरोबरी करता येणार नाही. तरीही ‘गेटवरून गेलात की दोन मिनिटांत गप्प होते’ हे आश्वासन ऐकताना गप्प झाल्यावर ते काय करते, खेळते की नुसते बसून राहते, हे विचारण्याचा हक्क पालकाला या कामामुळे मिळाला.

जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी मांडलेला आसक्तीचा, म्हणजे मुलाला जवळच्या माणसाविषयी वाटणाऱ्या भावनिक ओढीचा, सिद्धांत बर्लिनमधील इन्फान्स या संस्थेने १९८० च्या दशकात थेट बालवाडीच्या दारात आणला. हान्स-योआखिम लावेन आणि बेआटे आंद्रेस यांची नावे या रुळवण्याच्या पद्धतीशी जोडलेली आहेत. पहिले तीन दिवस आई, वडील किंवा घरातले जवळचे कोणी मुलाबरोबर वर्गात साधारण तासभर बसते, खेळ सुरू करून देत नाही, पण मुलाने वळून पाहिले की तिथेच असते. चौथ्या दिवशी स्पष्ट निरोप घेऊन थोडा वेळ, फार तर अर्धा तास, बाहेर जाऊन पाहायचे. चोरून निसटायचे नाही. चौथा दिवस सोमवारी येत असेल तर हा प्रयोग पुढे ढकलतात, कारण शनिवार-रविवारच्या सुट्टीत मुलाची ताईंशी झालेली ओळख पुसट झालेली असते. मूल ताईंकडून शांत होत नसेल तर पालकाला लगेच परत बोलावतात आणि मग हा काळ दोन-तीन आठवड्यांपर्यंत लांबतो. रुळणे पूर्ण झाले असे मानण्यासाठी मुलाने निरोपाच्या वेळी न रडणे आवश्यक धरलेले नाही. रडल्यावर ते ताईंच्या कुशीत शिरते का आणि तिथून पुन्हा खेळाकडे वळते का, एवढेच पाहिले जाते.