गिअरबॉक्सचे बिघाड (मोटारगाडी)

इंजिनाची ताकद चाकांकडे जाताना वेग आणि ओढ यांचे प्रमाण बदलून देणारी पेटी म्हणजे गिअरबॉक्स. या नोंदीत मुख्यतः हाताने गिअर बदलायच्या गाड्यांचा विचार केला आहे. त्यांच्याबाबत एक गोष्ट आधीच ठामपणे सांगायला हवी : ‘गिअरबॉक्स गेला’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा पेटीतल्या चक्रांत नसून क्लच (इंजिन आणि पेटी यांना जोडणारा-सोडवणारा भाग), गिअरची केबल किंवा तेल यांत असते. पेटी उतरवणे हे वेळखाऊ आणि महागडे काम आहे. या गोष्टी तपासल्याशिवाय मेकॅनिकला ते करू देऊ नये.

आजच्या पेटीत पुढच्या गिअरांची दंतचक्रे कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात. गिअरचा दांडा हलवला की एक सरकती स्लीव्ह (बाही) हव्या त्या चक्राला शाफ्टशी, म्हणजे फिरत्या आसाशी, जखडते. दोघांची गती जुळली नाही तर दात दातांवर आपटतात. ती जुळवण्याचे काम सिंक्रोनायझर रिंगचे. ही रिंग बहुधा पितळेची असते आणि चक्राच्या शंकूवर घासून क्षणात गती सारखी करते. कॅडिलॅकने १९२८ साली ही सोय गाडीत आणली. त्याआधी गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे. रिव्हर्सला अनेक गाड्यांत अजूनही सिंक्रो नसतो आणि त्याचे दात सरळ कापलेले असतात. त्यामुळे मागे घेताना येणारा घूंऽऽ आवाज हा बिघाड नव्हे. गाडी पूर्ण थांबवावी, क्लच दाबून दोन-तीन सेकंद जाऊ द्यावेत, मग रिव्हर्स टाकावा.

गिअर पडत नसेल तर सोपी चाचणी अशी : इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहावेत. बंद गाडीत ते सहज पडत असतील आणि चालू गाडीत अडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. केबल ताणली गेली असेल, हायड्रॉलिक क्लच असेल तर सिलिंडर गळत असेल किंवा पाइपात हवा शिरली असेल. बंद गाडीतही दांडा अडत असेल तर गिअरची केबल, तिचे बुश आणि सांधे पाहावेत. स्टिअरिंगच्या खांबावर दांडा असलेल्या जुन्या ॲम्बॅसॅडर गाड्यांत तर झिजलेल्या जोडदांड्यांमुळे गिअर अडकणे नेहमीचेच होते. पेटी मात्र ठणठणीत असे.

क्लच घसरतो तेव्हा उलटी खूण दिसते. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडते, आरपीएम चढतो, पण गाडी वेग घेत नाही. कसारा किंवा खंबाटकी घाटात वाहतूक खोळंबली की गाडी हाफ क्लचवर तोलून धरणारे चालक हमखास दिसतात. क्लचची प्लेट जळाल्याचा उग्र वास तिथूनच येतो. चढावर हँडब्रेक लावून थांबावे.

आवाजावरूनही बरेच कळते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, इंजिन चालू, क्लचवरून पाय काढलेला. अशा वेळी घरघर ऐकू येते आणि क्लच दाबताच थांबते, तर संशय पेटीतल्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनाची ताकद आत आणणाऱ्या आसाच्या) बेअरिंगवर जातो. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवताना दाब देणारे) झिजलेले असते. एकाच गिअरला करकर होत असेल तर त्याच गिअरची सिंक्रो रिंग झिजल्याची शक्यता मोठी. चालत्या गाडीत गिअर आपोआप सुटून न्यूट्रल होत असेल तर स्लीव्हचे दात, फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा), स्प्रिंग-गोळीचा अटकाव किंवा इंजिन माउंटिंग (इंजिनाचे आधार) तपासावे. सतत दांड्यावर हात टेकवून गाडी चालवण्याची सवय फोर्कला घासवते. ती सोडलेलीच बरी.

तेलाकडे मात्र दुर्लक्षच होते. ऑइल सील गळत असेल तर पातळी हळूहळू उतरते आणि पातळी पाहण्याची डिपस्टिक या पेटीला बहुधा नसल्याने ते कळत नाही. तेल काढताना ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा बारीक लेप दिसणे स्वाभाविक आहे. तेलात सोनेरी कण म्हणजे पितळेच्या रिंगा झिजत आहेत. पोलादाचे तुकडे निघाले तर दात तुटले असावेत आणि गाडी पुढे चालवू नये. तेलाची प्रत गाडीच्या पुस्तिकेतलीच हवी. जीएल-४ सांगितले असताना ‘जास्त भारी’ म्हणून जीएल-५ भरणे चुकीचे, कारण त्यातील काही रसायने पितळेला बाधक ठरू शकतात.

ऑटोमॅटिक गाड्यांत प्रकारानुसार दुखणी वेगळी. मारुतीच्या २०१४ च्या सेलेरिओपासून भारतात पसरलेल्या एएमटीत (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) नेहमीचाच क्लच असतो. तो फक्त यंत्र दाबते. म्हणून चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवली तर प्लेट इथेही जळते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत (जिथे नेहमीच्या क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे जाते) तेल काळे पडून जळका वास येऊ लागला की तत्काळ दाखवावे. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी इंजिनाची ताकद मिळणारी चाके जमिनीवर ठेवून ओढू नये. ती पूर्ण उचलून न्यावी.

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली, की हवा जाण्याच्या छिद्रातून पेटीत पाणी शिरू शकते. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरासारख्या वेळी बुडून राहिलेल्या गाड्यांबाबत तर ही शंका घ्यायलाच हवी. पाणी मिसळलेले तेल दुधाळ दिसते. असे तेल लगेच काढून नवे भरावे, गाडी थोडी चालवून तेही बदलावे, आणि तोवर लांबचा प्रवास टाळावा.