कांदा दिवाळीच्या तोंडावरच का भडकतो? थोडी मागची गोष्ट

कांदा ऐंशीला गेला की लोक लगेच म्हणतात व्यापाऱ्यांनी माल दाबला. दाबतही असतील, नाही म्हणत नाही, पण मूळ घोळ पिकाच्या वेळापत्रकात आहे.

उन्हाळ कांदा निघतो मार्च ते मे, वर्षाच्या मालातला निम्म्याहून जास्त हाच, आणि टिकाऊ असल्यामुळे शेतकरी तो कांदाचाळीत (साठवणुकीची हवेशीर शेड) भरून ठेवतो, मग पुढचे पाच-सहा महिने सगळा देश त्याच्यावर. सप्टेंबर येईपर्यंत चाळीत सड सुरू होते, कोंब फुटतात, वजन घटतं. तोवर खरिपाचा लाल कांदा यायला पाहिजे. नेमका तेव्हाच परतीचा पाऊस नाशिक-नगरला झोडपून गेला की लाल कांदा वावरातच सडतो, करपा (पात करपवणारा रोग) येतो, रांगड्याची (त्याच्यामागून येणाऱ्या कांद्याची) रोपंही जातात आणि लासलगावला, म्हणजे नाशिकच्या मोठ्या कांदा बाजारात, आवकच नाही म्हटल्यावर भाव कुठल्या कुठे जातो.

१९९८ ला असंच कांद्याने दिल्लीत रडवलं आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत तिथलं भाजपचं सरकार गेलं. २०१० च्या अवकाळीनंतर डिसेंबरात निर्यात थांबवली, पाकिस्तानातून कांदा आणला. २०१९ तर कहरच, नोव्हेंबरपर्यंत पाऊस हटेना, किलोला शंभरच्या वर, इजिप्त-तुर्कस्तानचा कांदा आला (चव काही जमली नाही लोकांना). त्या डिसेंबरात भाज्यांची महागाई ६०.५ टक्के आणि एकूण किरकोळ महागाई ७.३५ टक्के, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ६ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर. गंमत बघा, ही महागाई ज्यावरून मोजतात त्या २०१२ च्या किंमत निर्देशांकात एकट्या कांद्याचं वजन (हिस्सा) पाऊण टक्काही नव्हतं. पण सगळ्या खाण्यापिण्याचं मिळून जवळपास ४६ टक्के, आणि पाऊस काय फक्त कांद्यावर पडत नाही. त्यात रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो व्याजदर) वाढवून कांदा उगवत नाही.

२०२३ ला उलटं, एल निनो (पॅसिफिक समुद्र तापतो आणि आपला पाऊस बिघडतो), ऑगस्ट कोरडा, १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सरकारने आधी ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, मग डिसेंबरात सरळ बंदी. शहरात भाव उतरले, पण इकडे नाशिकला शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, रस्ता रोको झाले. बंदी उठली मे २०२४ ला, तीही मतदान चालू असताना, आणि नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात केंद्रातल्या मंत्रीच पडल्या. फक्त कांद्यामुळे असं नाही, पण ९८ ला भाव चढला म्हणून दिल्लीवाले चिडले होते, इथे पाडला म्हणून शेतकरी.